आडनावाआधी बापाचे नाव

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घराण्याची वंशावळ लावायला बसले, की पहिली चूक होते ती आडनावावर भिस्त ठेवण्याची. इचलकरंजीच्या घोरपड्यांचेच पाहा.

सेनापती संताजी घोरपडे १६९७ मध्ये शिखर शिंगणापूरच्या बाजूला मारले गेले. मारणारे नागोजी माने म्हसवडचे, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. संताजींमागे त्यांच्या मुलाची, पिराजीची, साथ सोडली नाही ती नारो महादेव जोशी यांनी. म्हापणच्या जोश्यांचा हा मुलगा घोरपड्यांच्या आश्रयाने वाढला होता. खाल्ल्या अन्नाला जागून त्याने धन्याचेच आडनाव लावले, असे घराण्याची परंपरा सांगते. नुसत्या परंपरेवर मी कधी विसंबणार नाही. पण इथे तिला सोयरिकीचा आधार आहे. नारोपंतांचे चिरंजीव व्यंकटराव यांचे लग्न बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची लेक अनूबाई हिच्याशी झाले. पेशव्यांची मुलगी त्या काळी मराठा घोरपड्यांच्या घरी दिली जाणे शक्य नव्हते. आडनाव काहीही असो, घर कोकणस्थाचे होते हे एवढ्यावरून पक्के होते.

याच नारोपंतांचे कुलोपाध्याय कोतवड्याचे हरभट पटवर्धन. सांगली-मिरजेची संस्थाने त्यांच्या वंशजांची. मात्र जुन्या कागदांत ‘पटवर्धन’ हा शब्द शोधत बसलात, तर निम्मे घराणे हातून निसटेल. तिथे भेटतात गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि परशुराम रामचंद्र, म्हणजे तासगावचे परशुरामभाऊ. बापाचे नाव हीच खरी साखळी. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर उलगडले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. एका शिक्षकाच्या त्या कष्टांवर आपण अजून उभे आहोत.

पाटील-देशमुखांच्या कागदांत हीच साखळी ‘बिन’ या शब्दाने जोडलेली असते: संताजी बिन म्हाळोजी. आडनाव मात्र गावाने, हुद्द्याने बदलते. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटिलकीने ते डफळे झाले. औंधचे पंतप्रतिनिधी मूळचे किन्हईचे कुलकर्णी. दत्तकात तर बापाचेच काय, स्वतःचे नावही बदलते. सांगलीच्या गादीवर १९०३ मध्ये दत्तक आलेले विनायकराव पुढे चिंतामणराव झाले. अशा जागी दत्तकपत्र हाती नसेल तर दोन माणसांचा एक किंवा एकाचे दोन व्हायला वेळ लागत नाही. तारखांचेही तसेच. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो मृगात बदलतो. म्हणून इसवी सन काढताना महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. महिना न पाहता मिळवणी केली, तर मुलाचा जन्म बापाच्या लग्नाआधी पडतो.

कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांत आडनावांचा असाच गुंता आहे. १६६५ मध्ये तिकडे गेलेल्या पलटणीतल्या शिपायांना फौजेत टोपणनावे मिळाली, ती मूळ आडनावाला चिकटली आणि पुढे एकाच पूर्वजाची नातवंडे दोन वेगळ्या आडनावांनी नांदू लागली. तिथला शोध सुटतो तो चर्चच्या नोंदवह्यांमुळे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहिलेले असते.

आपल्या कागदांत बाई येते ती ‘कोम’ म्हणून, अमक्याची बायको एवढ्यापुरती. अनूबाईंचे माहेर आपल्याला ठाऊक आहे, कारण ते पेशव्यांचे होते. त्यांच्याच काळातल्या इतर किती सुनांचे माहेर वंशावळीच्या तक्त्यावर कोरे आहे! हे कोरेपण मला फार सलते.

घरात मोडी कागदांचे रुमाल असतील तर ते रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवा, निदान मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि तुमच्या वंशावळीत आजी-पणजीच्या नावापुढे तिच्या बापाचे नाव आणि माहेरचे गाव, सांगणारे कोणी आहे तोवर, लिहून ठेवा.