टिपरेआबांची डायरी

गेल्या शनिवारचं रिलीज नेहमीप्रमाणे पुढे ढकललं गेलं, आणि मी चक्क 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघत बसलो. 2001 साली अल्फा मराठीवर (म्हणजे आताचं झी मराठी) ही मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही नगरला, सावेडीत राहायचो. आजोबा, आई-बाबा आणि मी. लोडशेडिंगमुळे भाग अर्धाच दिसला तरी फार बिघडायचं नाही. शेवट ठरलेलाच, आबा डायरी लिहिणार!

साचा तुम्हालाही पाठ असेल. घरात काहीतरी खुसपट निघतं, शेखर-श्यामला वैतागतात, शिऱ्या आणि शलाका त्यात भर घालतात, आणि भाग संपेपर्यंत सगळं निस्तरतं. पुढच्या भागात पाटी कोरी. आमच्या भाषेत, सिस्टिम रीबूट.

हे काही टिपऱ्यांपासून सुरू झालं नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपल्या घरच्या फजित्या स्वतःच सांगायचा. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने त्याला पडद्यावर आणलं. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. पुढे हेच प्रभावळकर आबा झाले. त्यांच्याच 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी मालिका केली. दोन्हीकडे घरातलाच एक माणूस घराची गोष्ट सांगतो. पण चिमणराव मिळवता, घरातला कर्ता. आबा रिटायर्ड. घरातले निर्णय आता मुला-सुनेचे, पण भागातला शेवटचा शब्द आबांचा. मला वाटतं आजोबा लोकांना ही मालिका एवढी का आवडायची, ते इथे कळतं.

आमचे आजोबाही डायरी लिहायचे. 2003 मध्ये बाबांनी पुण्याला जायचं ठरवलं, तेव्हा घरात मोठं भांडण झालं. आजोबा येणार नव्हते, बाबा ऐकत नव्हते. ते भांडण काही एका भागात मिटलं नाही, मिटलंच नाही म्हणा ना. आम्ही गेलो, ते नगरलाच राहिले.

मागच्या वर्षी घर आवरताना त्या डायऱ्या सापडल्या. आधी मी आम्ही निघालो त्या दिवसाचं पान काढलं. वाटलं, आबांसारखं काहीतरी लिहिलं असेल.

'दूध अर्धा लिटर. उद्यापासून पाव सांगणे.'


बस, एवढंच.