यॉर्क नगरींतील ख्रिस्तशरीराचा सण

मध्ययुगीन युरोपाचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उत्तुंग महामंदिरें आणि धर्मयुद्धें उभीं राहतात. त्या काळच्या खिळे घडविणाऱ्या, पाव भाजणाऱ्या माणसाचा धर्म कसा होता, हें विचारावयास सहसा कोणी थांबत नाहीं. इंग्लंडांतील यॉर्क नगरीनें मात्र याचें उत्तर मागें ठेविलें आहे.

ख्रिस्तशरीराचा सण पोप चौथे उर्बन यांनीं १२६४ सालीं अखिल ख्रिस्तसभेस लावून दिला. या सणाच्या दिवशीं यॉर्कमध्यें जीं नाटकें होत, त्यांचा पहिला उल्लेख १३७६ सालचा आहे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंत सुमारें पन्नास प्रवेश. पहाटें साडेचारच्या सुमारास आरंभ. चाकांवरचे रंगमंच ओढीत नेऊन ठरलेल्या ठिकाणीं प्रयोग. प्रत्येक प्रवेश एकेका धंद्याच्या संघाकडे असे व त्याचा खर्चही त्यानेंच सोसावयाचा. (गरीब कारागिरांस ही वर्गणी जड जाई, हें लपविण्याचें कारण नाहीं.) नोहाचें तारूं गलबतें बांधणाऱ्यांनीं उभारावें, जलप्रलय कोळी व खलाशी यांनीं दाखवावा, प्रभूचें शेवटचें भोजन पाव भाजणाऱ्यांनीं मांडावें.

क्रूसारोहणाचा प्रवेश टांचण्या व खिळे करणाऱ्यांचा. त्यांतील चार शिपाई कोणी दैत्य नव्हेत, कामकरी आहेत. लांकडास पाडलेलीं भोंकें चुकलीं म्हणून ते कुरकुरतात, दोरांनीं प्रभूचे हात ताणून तीं जुळवून घेतात, क्रूस उचलतांना धापा टाकतात. आपण कोणास खिळीत आहोंत हें त्यांच्या ध्यानांतही येत नाहीं. आणि प्रभु त्यांच्यासाठींच क्षमा मागतात. खिळे करणाऱ्यांनीं हें स्वतः करून दाखवावें, यापेक्षां कठोर आत्मपरीक्षण प्रवचनांतूनही क्वचितच घडेल.

उत्सव म्हटला कीं गोंगाट आलाच. १४२६ सालीं विल्यम मेल्टन या फ्रान्सिस्कन संन्याशानें नाटकांची स्तुति केली. पण लोक खाण्यापिण्यांत व आरडाओरड्यांत दंग होऊन उपासनेस मुकतात, म्हणून साक्रामेंताची मिरवणूक व नाटकें वेगवेगळ्या दिवशीं व्हावीं, असें सुचविलें. अखेर दिवस बदलला तो मिरवणुकीचा. नाटकांनीं आपला दिवस सोडला नाहीं!

पुढें इंग्लंड रोमपासून तुटलें. १५४८ सालीं पवित्र मरियेचें मरण, स्वर्गोन्नयन व मुकुटधारण हे तीन प्रवेश गाळण्यांत आले. १५६९ सालीं शेवटचा प्रयोग झाला. १५८० सालीं सामान्य नागरिकांनीं नाटकें पुन्हां करूं द्यावीं, अशी नगराध्यक्षांस कळकळीची विनंती केली. विचार करूं, असें उत्तर मिळालें. यॉर्कमध्यें तीं मोठ्या प्रमाणावर पुन्हां उभीं राहिलीं तीं १९५१ सालीं.