उपान्त्य की अंत्य? : 'ईदो'चा बलाघात आणि एका भाषेची फाळणी

'ईदो' या नावाचा एस्पेरांतोतील अर्थ 'अपत्य'. हे अपत्य स्वतंत्र भाषा मानावे की सुधारित बोली, हा वाद मुख्यतः निष्ठेच्या भाषेत लढला गेला. वास्तविक ऐकणाऱ्याला त्याची साक्ष पहिल्याच क्रियापदात मिळते.

झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या एस्पेरांतोत बलाघात निरपवादपणे उपान्त्य अक्षरावर येतो. ईदोने हा नियम स्वीकारला. पण धातूचे भाववाचक रूप त्यातून वगळले. एस्पेरांतोतील 'पारोली' (बोलणे) ईदोत 'पारोलार' होते आणि आघात अंत्य 'लार'वर पडतो. बदल वरवर कानाच्या सोयीचा वाटतो, परंतु त्याचे मूळ नामविभक्तीत आहे. एस्पेरांतोचे 'दोमोय' (घरे) हे अनेकवचन सोडून ईदोने इटालियन वळणाचे 'दोमी' घेतले. 'इ' हा प्रत्यय असा नामाकडे गेल्यावर क्रियापदाला तो सोडणे भागच होते. एक विटा हलवली की भिंतच हलते, ती अशी. शिवाय 'पारोलीर' आणि 'पारोलोर' ही भूत व भविष्य दर्शविणारी भाववाचक रूपेही सिद्ध झाली. आज्ञार्थी 'पारोलू'च्या जागी 'पारोलेझ' आले. वर्तमान, भूत, भविष्याचे 'आस, इस, ओस' मात्र जसेच्या तसे राहिले. 'फामिलिओ' (कुटुंब) हा शब्द तर दोन्हींकडे सारखाच लिहिला जातो. एस्पेरांतोभाषक 'लि'वर जोर देतो, ईदोभाषक 'मि'वर.

ऑक्टोबर १९०७ मध्ये पॅरिसला भरलेल्या समितीपुढे ही योजना 'ईदो' या टोपणनावाने आली. एस्पेरांतोची बाजू मांडण्यासाठी नेमलेल्या बोफ्राँ यांनी १९०८ मध्ये तिचे कर्तृत्व स्वतःकडे घेतले. ते प्रामुख्याने तर्कशास्त्रज्ञ कूतुरा यांचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तर्कनिष्ठेच्या या चळवळीचा आरंभ एका मुखवट्याने व्हावा, हे विलक्षणच.

नियम कितीही शुद्ध असला तरी प्रचारात आलेली भाषा कर्त्याच्या हाती उरत नाही, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन. त्यांचे बंधू रने मात्र एस्पेरांतोच्या शब्दसिद्धीवरून कूतुरांशी वाद घालत राहिले. समितीतील येस्पर्सन पुढे ईदोही सोडून गेले. १९२८ मध्ये त्यांनी 'नोवियाल' मांडली, आणि तिच्यात काळ दाखविण्याचे बरेचसे काम प्रत्ययांऐवजी साहाय्यक शब्दांकडे सोपवले.