तारमास्तरांचा कान

सॅम्युएल मोर्सने 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिली जाहीर तार केली. त्या काळी तार वाचायची असे. यंत्र कागदाच्या फितीवर खुणा उमटवी आणि कारकून त्यावरून अक्षरे लावी. पण यंत्रापाशी दिवसरात्र बसणाऱ्या तरुण कामगारांना लवकरच फीत नकोशी झाली. नुसत्या कट्ट-कडकट्टवरून त्यांना मजकूर कळू लागला. वरिष्ठांना आधी हे रुचले नाही. शेवटी फीत गेली आणि कान राहिला.

हे वाटते तितके साधे नव्हते. अमेरिकन तारयंत्र फक्त खटके देई. लघु की दीर्घ, हे दोन खटक्यांमधल्या अंतरावरून ओळखायचे. म्हणजे दुसरा खटका येईपर्यंत पहिला कानात शिल्लक हवा! ऐकलेल्या आवाजाचा असा ठसा काही क्षण आपोआप टिकतो. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये त्याला प्रतिध्वनीवरून नाव दिले. तारमास्तरांची रोजीरोटी त्याच्या कितीतरी आधीपासून या ठशावर चालली होती.

मग इंडियाना विद्यापीठातल्या विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी या धंद्याचा अभ्यास केला. हार्टर स्वतः तारेच्या कामात मुरलेला होता, त्यामुळे कुठे काय पाहायचे हे त्याला ठाऊक होते. 1897 आणि 1899 मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. शिकाऊ मुलांचा तार पाठवण्याचा वेग भराभर वाढे; घेण्याचा वेग मात्र मुख्य मार्गावर काम मिळण्याच्या जरा अलीकडे येऊन अडे आणि कित्येक आठवडे हलत नसे. या अडलेल्या काळातच खरे शिक्षण चाललेले असे, हा त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. मुलगा आधी अक्षरे ऐके, नंतर अख्खे शब्द आणि पुढे शब्दांचे गट.

मुरलेला तारमास्तर तर यंत्राच्या सहा ते बारा शब्द मागे राहून लिही. हात मागच्या वाक्यावर, कान पुढच्या. पण सांकेतिक मजकूर किंवा नुसते आकडे आले, की त्यालाही यंत्राला चिकटूनच लिहावे लागे.

असे का होई? लंडनच्या जोसेफ जेकब्जने 1887 मध्येच शाळकरी मुलांना आकडे म्हणायला लावून एका दमात किती लक्षात राहतात ते मोजले होते. 1956 मध्ये जॉर्ज मिलरने ही मर्यादा सातच्या आसपास ठरवली, पण सात अक्षरे नव्हे, सात गठ्ठे. आणि उदाहरण दिले ते तारेची लिपी शिकणाऱ्याचेच. पुढच्या संशोधकांनी हा आकडा चारपर्यंत खाली आणला. 1959 मध्ये त्याच इंडियाना विद्यापीठात पीटरसन दांपत्याने लोकांना तीन व्यंजने सांगून लगेच तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले. 18 सेकंदांत बहुतेकांची व्यंजने पुसली गेली.

तारमास्तराच्या डोक्यात जागा जास्त नव्हती. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचे गठ्ठे मोठे झाले होते आणि निरर्थक आकड्यांपुढे ते उपयोगी पडत नसत.

अल्पकालीन स्मृतीची गोष्ट बहुधा मिलरपासून सांगितली जाते. ती निदान 1897 पासून सांगायला हवी आणि तिच्यात त्या निनावी तारमास्तरांना पहिले स्थान द्यायला हवे.