पामरची पेढी आणि निजामाचा खजिना

एखाद्या बँकेच्या दारास कुलूप लागले म्हणजे पहिल्या दिवशी दारापुढे ठेवीदार जमतात आणि दुसऱ्या दिवशी सरकारकडे शिष्टमंडळ निघते. सरकारने पैसा घालून बँक तारावी, असे एक पक्ष म्हणतो. रयतेच्या करातून सावकारांची भर करू नये, असे दुसरा म्हणतो. २००८ साली अमेरिकेच्या सरकारने बुडत्या बँकांकरिता ७०० अब्ज डॉलरांची तरतूद केली, तेव्हा हा वाद जगभर माजला, आणि तो जणू त्याच वर्षी जन्मास आला असा पुष्कळांचा ग्रह झाला. परंतु नांदेड व लातूर ज्या मुलखात आहेत, त्या मराठवाड्याच्या जुन्या राज्यकर्त्यांपुढे हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. एकदा पेढीचे देणे भागवून आणि एकदा पेढीस बुडू देऊन, अशी त्याची दोन्ही उत्तरे त्यांनी करून पाहिली.

हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिकंदरजाह गादीवर होता आणि कारभाराची सूत्रे पेशकार राजा चंदुलाल याच्या हाती होती. राज्याच्या उत्पन्नास सर्वांत मोठे भगदाड होते ते फौजेचे. नाव निजामाचे, परंतु हुकूम इंग्रज अंमलदारांचा, अशी जी फौज पुढे कंटिंजंट या नावाने प्रसिद्धीस आली, तिचा खर्च वर्षास ४० लाखांच्या घरात जाई. पगार थकला की रेसिडेंटाचा तगादा लागे. वसूल यावयाचा तो हंगामावर. पगार मात्र महिन्याच्या महिन्यास हवा. मधली खिंड लढविण्यास सावकार पाहिजे. तो आज रोकड मोजी आणि फेडीसाठी अमुक तालुक्यांचा वसूल त्याच्या नावे तोडून दिला जाई. गोदावरीकाठच्या किंवा मांजरेकाठच्या कुणब्याने ज्वारी विकून भरलेला सारा खजिन्यात पडण्यापूर्वीच बहुधा खर्ची पडलेला असे.

या कामास विल्यम पामर पुढे आला. जनरल पामर आणि फैजबक्ष बेगम यांचा हा पुत्र. प्रथम निजामाच्या फौजेत अंमलदार, मग व्यापारी. गोदावरीच्या खोऱ्यातील सागवानावर त्याची पहिली दृष्टी होती. परंतु लाकडापेक्षा व्याज लवकर वाढते, हे त्याने हैदराबादेत चटकन ओळखले. गव्हर्नर जनरलच्या संमतीने १८१४ मध्ये ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही पेढी रीतसर सुरू झाली. भागीदारांत बंकटीदास हा गुजराती सावकार होता. १८१५ मध्ये सर विल्यम रंबोल्ड सामील झाला, आणि त्याची पत्नी ही गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याची पाल्य होती. इंग्रज प्रजाजनांनी देशी राजांस कर्ज देऊ नये, असा पार्लमेंटाचा १७९७ चा कायदा असता १८१६ मध्ये या एका पेढीस त्यातून खास सूट मिळाली.

पेढीची खरी पत ती ही. लोकांनी ठेवी ठेवल्या त्या पामरच्या तिजोरीकडे पाहून नव्हे. त्यामागील कलकत्त्याच्या सावलीकडे पाहून. ठेवीदारांत कंपनीचे लष्करी व मुलकी अंमलदार पुष्कळ होते. त्यांस शेकडा १२ व्याज मिळे आणि निजामसरकारास तोच पैसा शेकडा २४-२५ दराने दिला जाई. जेथे सरकार पाठीशी आहे असे न लिहिताच सर्वांस वाचता येते, तेथे धंद्याची चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही. सरकारी मदतीचा पहिला हप्ता हा असा, संकट येण्याच्या फार आधी आणि एक रुपयाही न मोजता, देऊन झालेला असतो.

१८२० मध्ये ६० लाखांचे नवे कर्ज ठरले. फौजेची थकबाकी वारावी, जुनी देणी फेडावी, रयतेस तगाई द्यावी, असे त्याचे उद्देश कागदावर होते. त्याच साली चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन हैदराबादेस आला. त्याने वह्या तपासल्या तेव्हा असे दिसले की, या ६० लाखांतील मोठा भाग म्हणजे जुनीच बाकी नव्या खात्यावर ओढलेली होती आणि तीत ८ लाख रुपये भागीदारांच्या मनोत्याचे होते. तगाईचे नाव घेऊन रयतेच्या माथी मनोती चढली! मेटकाफने उपाय सुचविला: कंपनी सरकारच्या हमीवर कलकत्त्यास ६ टक्क्यांनी कर्ज उभारावे, पामरचे देणे एकदाच चुकते करावे आणि हा व्यवहार संपवावा. हेस्टिंग्जला तो आपल्या माणसांवरचा घाला वाटला आणि सूचना फेटाळली गेली. लंडनच्या डायरेक्टरांचा रोष मात्र वाढतच गेला. पेढीची सूट रद्द झाली आणि निजामाशी पुढील देवघेव बंद करण्याचा हुकूम आला.

१८२३ च्या आरंभी हेस्टिंग्ज स्वदेशी परतला आणि मग तोड निघाली. समुद्रकाठच्या उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामास दरसाल ७ लाखांची पेशकश देत असे. हे उत्पन्न कायमचे होते. निजामाने ते सोडून द्यावे आणि त्याबदली एकरकमी १,१६,६६,६६६ रुपये घेऊन पामरचे देणे वारावे, असे ठरले. ६ टक्क्यांनी ज्या मुद्दलाचे व्याज ७ लाख होते, ते हे मुद्दल. केवळ आकड्यांकडे पाहिले तर हा सौदा वाईट नव्हता, हे कबूल केले पाहिजे; पंचवीस टक्क्यांचे ऋण सहा टक्क्यांच्या भावाने फिटले. परंतु पेढी काही वाचली नाही. तिचा धंदा म्हणजे निजामाचे कर्ज. तेच बंद झाल्यावर उरलेल्या नावावर कोणाचा भरवसा राहणार? १८२४ मध्ये तिने दिवाळे काढले आणि ठेवीदार बुडाले. इकडे चंदुलालची कर्ज काढण्याची खोडही कायमच राहिली. फक्त सावकार बदलले.

याच सुमारास, १८२५ च्या डिसेंबरात, लंडनमध्ये बँकांवर धाड आली होती. बँक ऑफ इंग्लंडने प्रथम हात आखडला, आणि मग एकाएकी धोरण पालटून तारण घेऊन सढळपणे कर्जे दिली. काही पेढ्या बुडाल्या, पण बाजार सावरला. पुढे १८७३ मध्ये वॉल्टर बॅजट याने या प्रकारास शास्त्राचे रूप दिले: तारण चांगले असेल त्यास अडचणीच्या वेळी मुक्तहस्ते, परंतु चढ्या व्याजाने, कर्ज द्यावे. तेथे प्रश्न रोकडीच्या टंचाईचा होता. माल होता, हुंड्या खऱ्या होत्या. पामरजवळ तारण म्हणून होते ते एका कर्जबाजारी कारभाऱ्याचे वचन.

दुसऱ्या वेळी निजामसरकार अगदी उलट टोकास गेले. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे पारशी बंधू १८३० नंतरच्या दशकात निजामाच्या राज्यात मोठे सावकार झाले. औरंगाबादची टांकसाळ त्यांच्याकडे होती. तेथे पडलेल्या रुपयास लोक पेस्तनशाही म्हणत. वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याच्या व्यापारात त्यांचा मोठा भाग होता. त्यांनीही कंटिंजंटच्या पगारासाठी रकमा दिल्या आणि फेडीसाठी वऱ्हाडातील वसूल तोडून घेतला. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला आणि १८४५ च्या सुमारास नव्या कारभाराने हे तालुके जबरीने परत घेतले. बंधूंनी कंपनी सरकारकडे दाद मागितली. हा तुमचा खाजगी व्यवहार, आमचा संबंध नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पैसा गेला होता कंपनीच्याच अंमलदारांच्या फौजेकडे, हे येथे विसरून चालणार नाही. पेढी बुडाली.

सावकार बुडाला म्हणून हैदराबादेत कोणी अश्रू ढाळले नसतील. परंतु त्यानंतर निजामसरकारच्या शब्दावर मोठी रक्कम मोजण्यास सावकार कचरू लागले आणि फौजेचा पगार रेसिडेंटाच्या खजिन्यातून उसना येऊ लागला. असा धनको दारात उभा करणे हे सर्वांत महाग पडले. बाकी ४५ लाखांच्या आसपास गेली, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे लावून द्यावा लागला. आजच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारचे हे नळदुर्ग अशा रीतीने एका बुडीत खात्यापायी हातचे गेले. १८६० मध्ये ते व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही, आणि १९०२ मध्ये तो वर्षास २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला.

तहानंतर दहाच दिवसांनी दिवाण झालेल्या सालारजंगाने पेढीस तारण्याचा किंवा बुडविण्याचा खटाटोप न करता मूळ दुखण्यास हात घातला. इजाऱ्याची पद्धत मोडून १८६५ च्या जिल्हाबंदीने वसूल पगारी अंमलदारांच्या हाती दिला. दौलतीचा पैसा खाजगी पेढीच्या वहीतून फिरविण्याची चाल क्रमाने मोडली, आणि १९४२ च्या एप्रिलात सरकारी भांडवलाचे वर्चस्व असलेली हैदराबाद स्टेट बँक उघडली, तेव्हा खजिन्याचे काम तिच्याकडे गेले.

ठेवीदाराचा विचार मात्र फार उशिरा झाला. १९६० साली केरळात पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्यास लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कोठे देशाने ठेवींच्या विम्याचा कायदा केला. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत हमी मिळाली. ती मर्यादा २०२० मध्ये ५ लाख झाली. बँक बुडाली तरी लहान ठेवीदार बुडू नये, ही सोय पामरच्या काळी असती तर १८२३ ची तोड कदाचित निराळी निघाली असती.

बँकेसच तारण्याचा मार्गही सोडला गेलेला नाही. वर्धा, नागपूर व बुलढाणा येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस परवाना मिळेना, तेव्हा देशातील अशा २३ बँकांकरिता केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांपैकी सर्वांत मोठा वाटा, १,४६४ कोटींचा, राज्य सरकारांनी उचलावयाचा होता, आणि थकीत कर्जे ठरल्या मुदतीत निम्म्यावर आणण्याची अट रकमेबरोबरच घातलेली होती. चंदुलालास अशी अट कोणी घातली नव्हती.