फार्नहॅमचा गाडीकारखाना आणि हिशेब न येणारा मालक

इ. स. १८८४. इंग्लंडच्या सरे परगण्यातील फार्नहॅम या बाजारगावात २१ वर्षांचा एक तरुण शाळामास्तर आपल्या वडिलांच्या गाडीकारखान्याचा मालक झाला. त्याचे नाव जॉर्ज स्टर्ट. हाताखाली आठ माणसे होती, काही मुरलेले कारागीर आणि काही उमेदवार. त्यांच्यापैकी कुणालाही जे सहज जमत होते, ते मालकाला येत नव्हते. सुतारकामाची उमेदवारी त्याने कधी केलीच नव्हती. जॉन रस्किनच्या लेखनाने भारावलेल्या या तरुणाला हातांनी केलेले काम हेच खरे काम वाटत होते, एवढीच त्याची तयारी.

कारखाना मात्र जुना होता. या जागी १७०६ पासून गाड्या घडत होत्या आणि स्टर्टच्या आजोबांनी तो १८१० मध्ये विकत घेतला होता. शेतमालाच्या चारचाकी गाड्या, शेणखत वाहण्याच्या दुचाकी गाड्या, ढकलगाड्या आणि शेतकऱ्याने आणून टाकलेल्या मोडक्या लाकडी सामानाची दुरुस्ती, असा सगळा व्यवहार. व्हिक्टोरियन इंग्लंड म्हटले की डोळ्यांसमोर धुराडी आणि रेल्वे येते. पण त्या रेल्वेच्या स्थानकापर्यंत धान्य पोहोचवणारी गाडी अशाच एखाद्या सुतारखान्यात घडलेली असे.

या कामातले ज्ञान कुठे साठवलेले होते, हे पाहण्यासाठी चाकाकडे वळावे लागेल.

मधला तुंबा एल्म लाकडाचा, कारण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि चहूबाजूंनी भोके पाडली तरी ते चिरत नाही. आरे ओकचे, तेही करवतीने कापलेले नव्हेत तर तंतूंच्या दिशेने फोडून काढलेले. करवत तंतू तोडते आणि आरा तिथेच दगा देतो. बाहेरचे वाकडे पुठ्ठे बहुधा ॲशचे, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे. लाकूड विकत घेतल्यावर वर्षानुवर्षे वाळत ठेवायचे. म्हणजे बापाने घेतलेल्या झाडाचे चाक पुष्कळदा मुलाच्या काळात तयार व्हायचे. शेवटी लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आवळली की सगळे सांधे करकचून बसत. बैलगाडीला धाव चढवताना पाहिलेल्या मराठी माणसाला हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही.

गंमत पुढेच आहे. हे चाक सपाट नसे. ते बशीसारखे किंचित खोलगट असे. का? कारागिरांना विचारले तर उत्तर मिळत नसे. चाक असेच असते, एवढेच. स्टर्टला याचा उलगडा फार उशिरा झाला. घोडा पावले टाकताना डावी-उजवीकडे झुलतो, त्याबरोबर गाडीवरचे ओझे झुलते आणि प्रत्येक पावलाला चाकाच्या तुंब्यावर बाजूने धक्का बसतो. सपाट चाक त्या धक्क्यांनी खिळखिळे झाले असते. खोलगट चाक तो धक्का पेलते. पिढ्यान्‌पिढ्या अचूक चाके घडत होती आणि त्यांचे कारण कुठेही लिहिलेले नव्हते.

तीच गोष्ट गाडीच्या मापांची. दोन चाकांमधले अंतर त्या भागातल्या रस्त्यांवर पडलेल्या चाकोऱ्यांशी जुळायला हवे. माती भारी की हलकी, शेत चढावर की सपाटीवर, यावर चाकाची रुंदी ठरे. नकाशा नाही, कोष्टक नाही. कारागिराला गिऱ्हाईक ठाऊक असे, त्याची जमीनही ठाऊक असे.

आणि दर? इथे नव्या मालकाला धक्का बसला. गाडीची किंमत ठरत होती ती चालत आलेल्या रिवाजाने. ही काही आपल्याकडची बलुतेदारी नव्हे, मोबदला पैशातच होता. पण एका गाडीला लाकूड किती, लोखंड किती, मजुरी किती, याचा हिशेब वडिलांनी मांडलेला नव्हता आणि आसपासच्या धंदेवाल्यांनीही नाही. स्टर्टने तो मांडला, तेव्हा काही कामांत खर्चही निघत नसल्याचे दिसले. दर वाढवावे तर गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाणार. माणसे कमी करावीत तर ती वडिलांच्या वेळची, घरच्यासारखी.

त्याने तिसरा मार्ग धरला. गॅसवर चालणारे इंजिन आणले आणि त्यावर करवती, लेथ, सहाण जोडली. माणसे टिकावीत हाच हेतू होता. पण यंत्र सुरू झाले त्या दिवसापासून कुऱ्हाड आणि वाकस कोपऱ्यात गेले. जाडजूड ओंडके कापण्यासाठी खड्ड्यात एक आणि वर एक उभे राहून करवत ओढणारे फिरते करवत्येही येईनासे झाले. (दारूच्या नादाने ते कामावर कधी उगवतील याचा नेम नसे, हेही स्टर्टने नोंदवले आहे. त्याने जुन्या काळाचे देव्हारे माजवले नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू.) लाकडाच्या तंतूंशी जुळवून घेण्याची गरज यंत्राला नव्हती. त्यामुळे ती जाण असलेल्या माणसाची गरजही हळूहळू ओसरली. रस्किनच्या या शिष्याने कारागिरी वाचवण्यासाठी आणलेल्या यंत्रानेच तिच्यावर पहिला घाव घातला, आणि हे त्याने पुढे कसलीही सबब न सांगता लिहिले.

मोटारी आल्यावर उरलेसुरले कामही बदलत गेले. १९१६ मध्ये स्टर्टला पक्षाघात झाला. आधीची त्याची पुस्तके ‘जॉर्ज बोर्न’ या टोपणनावाने निघाली होती. कारखान्याचे पुस्तक, ‘द व्हीलराइट्स शॉप’, १९२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले. त्यावर त्याने आपले खरे नाव घातले. त्यानंतर चार वर्षांनी तो वारला. आज इंग्लंडमधील ग्रामीण कारागिरीचा अभ्यास करणारे या पुस्तकाकडे आवर्जून वळतात. लाकडाची पारख, अवजारे, चाकाचा एकेक सांधा यांबरोबरच त्या आठवणीतल्या कारागिरांची नावे आणि प्रत्येकाच्या हाताची लकबही त्यात नोंदलेली आहे.