संविधाननिष्ठ देशप्रेम

वंश, भाषा वा धर्म यांपेक्षा संविधानातील हक्क आणि लोकशाही कार्यपद्धती यांवरील निष्ठेने नागरिक एकत्र बांधले जावेत, असे मानणारी राजकीय संकल्पना. तिचा उगम पश्चिम जर्मनीतला. तिथल्या ‘मूलभूत कायद्या’ला, म्हणजे संविधानाला, २३ मे १९७९ रोजी ३० वर्षे झाली, त्या निमित्ताने राज्यशास्त्रज्ञ डोल्फ स्टेर्नबेर्गर यांनी ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या दैनिकात ती मांडली. राष्ट्राभिमान नाझींनी नासवलेला, देश दुभंगलेला; धडधाकट असे एक संविधानच उरले होते.

स्टेर्नबेर्गर यांचा रोख राज्यसंस्थेच्या रक्षणाकडे होता. तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९८६ मध्ये या संकल्पनेला धार दिली. नाझी संहार ही सोव्हिएत अत्याचारांचीच प्रतिक्रिया होती, असे एर्न्स्ट नोल्टे हे इतिहासकार सुचवू लागले, तेव्हा हाबरमास त्यांच्यावर तुटून पडले. औश्वित्झ घडवलेल्या समाजाला परंपरेचा सरसकट अभिमान बाळगता येणार नाही, ही त्यांची भूमिका.

ही निष्ठा कोरडी, प्राध्यापकी आहे, असा आक्षेप नेहमीचा. तो तितकासा पटत नाही. एका विशिष्ट देशाची विशिष्ट लाज तिच्या मुळाशी आहे. विसंगती खरी होती ती कायद्यात. नागरिकत्व १९१३च्या कायद्यानुसार वंशावरच ठरत राहिले. तुर्कस्तानशी झालेल्या १९६१च्या करारानंतर तुर्की मजूर आले. त्यांची बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागात जन्मलेली, तिथेच शाळा शिकलेली मुले कागदोपत्री परकीच राहिली; मोठी झाली की वास्तव्याच्या परवान्यासाठी कचेरीत खेटे घालू लागली. उलट, कझाकस्तानातून आलेल्या जर्मनवंशीयाला भाषा मोडकीतोडकी येत असली, तरी मूलभूत कायद्याच्या कलम ११६च्या आधारे दार उघडे होते. १ जानेवारी २००० पासून परकीय दांपत्याच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलाला, एका पालकाचे ८ वर्षे कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क असल्यास, जन्मतः नागरिकत्व मिळू लागले.

त्याआधी १९९० मध्ये दोन्ही जर्मनींचे एकीकरण झाले, तेही नवे संविधान जनतेपुढे न ठेवता. हाबरमास यांना हे खटकले, आणि संधी हुकली हे खरेच.

नागरिकत्वाचा नवा कायदा लागू झाला त्याच वर्षी राजकीय नेते फ्रीडरिख मेर्झ यांनी, स्थलांतरितांनी जर्मन ‘अग्रसंस्कृती’ स्वीकारावी, असा आग्रह धरला. २०२४ मध्ये नागरिकत्वासाठी वास्तव्याची अट ५ वर्षांवर आली आणि दुहेरी नागरिकत्व सर्वांना खुले झाले. मेर्झ २०२५ मध्ये चॅन्सेलर झाले; २०२४च्याच कायद्यातली, ३ वर्षांत नागरिकत्व देणारी जलद वाट त्यांच्या सरकारने बंद केली; ५ वर्षांची अट आणि दुहेरी नागरिकत्व या तरतुदींना मात्र हात लावला नाही.